‘येतो’ न म्हणणारी दादी

आमच्या घरातून बाहेर पडताना माणूस ‘जातो’ म्हणतो. माझा मुलगा शाळेला निघताना जिन्यातून तसंच ओरडतो, माहेरी बाबा दुकानाला जाताना तसंच म्हणतात आणि मीही. दुसऱ्या कुठल्याही मराठी घरात हे अभद्र समजतील. जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, आणि कोल्हापुरात तर बायकासुद्धा ‘येते’ न म्हणता ‘येतो’च म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुमच्या सिंधी लोकांत असं बोलायची पद्धत आहे का. मी म्हटलं, पद्धत नाही, दादी आहे. त्यांना ते उद्धट वाटलं असणार, पण उत्तर खरं होतं.

दादी म्हणजे माझ्या वडिलांची आई. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. सक्करजवळ, सिंधू नदीच्या काठच्या एका गावात ती जन्मली. फाळणी झाली तेव्हा अकरा वर्षांची होती. आईवडिलांबरोबर कराची, तिथून बोटीनं मुंबई, मग कल्याणची छावणी आणि शेवटी वळिवड्याची, असा तिचा प्रवास. वळिवड्याची छावणी म्हणजे आजचं गांधीनगर, जिथं सगळा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. तेव्हा तिथं नुसत्या बराकी होत्या. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, पुढं आजोबांचं त्यांच्या भावाशी बिनसलं आणि दोघं बराक सोडून कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आले. पंचगंगेचा घाट तिथून हाकेच्या अंतरावर. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, असं साधं विटांचं घर. त्या घरातून तिला हलवावं लागलं ते एकदाच, आणि ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे. पण आधी ती कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर त्या दिवशी ती जशी वागली तो नुसता म्हातारपणीचा हट्ट वाटेल.

पेठेत आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिचं मराठी तयार झालं गल्लीच्या नळावर, आणि शिकवणारी होती शेजारची हौसाक्का. हौसाक्का दोन म्हशी राखून घर चालवायची आणि तिचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. ‘घागर सरकीव’ इथून सुरू झालेलं शिक्षण वर्षभरात पुरं झालं, आणि नळावरच्या भाषेत जी जी हत्यारं असतात ती सगळी दादीच्या हाती आली. गोल पातळ नेसायलाही तिला हौसाक्कानंच शिकवलं. पुढं माझ्या शाळेत बाईंनी घरी कुठली भाषा बोलता असं विचारलं, तेव्हा दादीनं ‘कोल्हापुरी’ असं सांगितलं आणि तसंच लिहून घ्या म्हणून अडून बसली. बाईंनी शेवटी मराठी लिहिलं, पण दादी समोरून उठल्यावर.

एक धडा मात्र ती शिकली नाही. नळावरून भरलेली घागर उचलताना प्रत्येक बाई ‘येतो गं’ म्हणायची. दादी ‘जातो’ म्हणायची. हौसाक्काला आधी वाटलं, सिंधीण नवी आहे, चुकत असेल. तिनं चारदा सांगितलं, दहादा सांगितलं, मग एक दिवस चिडली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाली, की घरात लेकरंबाळं आहेत, असं वंगाळ बोलू नये. दादीनं घागर खाली ठेवली.

“येतो म्हणून एकदा बघितलंय, आक्का. आता न्हाय म्हणणार.”

हौसाक्कानं पुन्हा विषय काढला नाही. पण ती गप्प बसणारी बाईही नव्हती. दादी कुठंही निघाली की हौसाक्का आपल्या उंबऱ्यातून तिच्या वतीनं ‘येती ती, येती’ असं स्वतःच म्हणून टाकायची. मला कळायला लागल्यापासून मी ही जोडी अशीच पाहिली. दादी ‘जातो’ म्हणून कोपऱ्यावर भाजी आणायला जायची आणि मागून हौसाक्का तिचं परत येणं नीट लावून द्यायची. हौसाक्का वारली तेव्हा दादी म्हणाली होती, की आता माझं सांगणारं कोणी राहिलं नाही.

‘एकदा बघितलंय’ म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना साधारण ठाऊक होतं. माझी पणजी, म्हणजे दादीची आई, बराकीत मरेपर्यंत राहिली, पण तिनं भिंतीला एक खिळा ठोकू दिला नाही. मुक्कामाच्या जागेला खिळे कशाला, असं तिचं म्हणणं. कपडे ट्रंकेत, भांडी पोत्यात, सामान कायम बांधलेलं. पेपर वाचणारा कोणी दिसला की ती विचारायची, रस्ता उघडला का. ती गेल्यावर ट्रंक उघडली, तर आत गावाकडच्या थंडीचे कपडे नीट घड्या घालून ठेवलेले होते. मुलं अकरा, आठ आणि पाच वर्षांची होती त्या मापाचे. दादी तेव्हा दोन लेकरांची आई होती.

आईचं पाहून दादी बरोबर उलट झाली. घरात तिनं एवढे खिळे ठोकले होते की रंगारी दर वेळी कपाळाला हात लावायचा. पिशवीला खिळा, चाळणीला खिळा, कॅलेंडरला तीन. आजोबा म्हणायचे, हिच्या खिळ्यांवरच घर उभं आहे, काढले तर पडेल. तिला कोणी ‘तुमचं गाव कुठलं’ विचारलं की ती ‘शुक्रवार पेठ’ म्हणायची, आणि समोरचा ‘तसं न्हवं, मूळचं’ म्हणाला की तिचा चेहरा बंद व्हायचा.

या वागण्यानं माणसं दुखावलीही जात. माझी आत्या लग्न होऊन उल्हासनगरला गेली. निघताना रडारड झाली, गल्लीतल्या बायका तिच्या तोंडावरून हात फिरवून ‘लवकर ये गं’ म्हणत होत्या, आणि आत्या आईच्या तोंडाकडं बघत उभी होती. दादी डोळे कोरडे ठेवून म्हणाली, “जा. आणि गेल्याबरोबर भिंतीला खिळा ठोक.” आत्याच्या सासरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आत्या आजही सांगते, की आईनं मला दारातून ढकललं. त्यामागचं कारण मी तिला अनेकदा समजावलं आहे. ती ऐकते आणि म्हणते, समजलं गं, पण लागलं ते लागलं. मला दोघींचंही पटतं, आणि यातून मार्ग नाही हेही कळतं.

दादी कोरडी बाई मात्र अजिबात नव्हती. जाणाऱ्याशी ती जितकी तुटक, तितकी येणाऱ्याच्या बाबतीत पागल होती. दारात आलेला माणूस, मग तो मीटरचं रीडिंग घेणारा का असेना, त्याला आधी पाणी आणि विस्तवावर भाजलेला पापड. आमच्यात ही पद्धतच आहे. जेवणाशिवाय नुसता पापड खायचा हे पेठेतल्या लोकांना सुरुवातीला चमत्कारिक वाटलं, पण उन्हातून आल्यावर मिरीचा पापड आणि वर गार पाणी यासारखं काही नाही हे एकदा कळल्यावर लोक दुपारी आमच्याकडं कामं काढून यायला लागले. कोपऱ्यावरच्या तालमीचे वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारे, त्यांना तर ती चार पापड द्यायची आणि मोठ्या अंगाला एवढं लागतंच म्हणायची. आणि मग तो माणूस उठून ‘येतो आजी’ म्हणाला, की ती भांडं उचलून आत निघून जायची. उत्तर द्यायची नाही.

आजोबा गेले त्या दिवसाची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. अख्खी गल्ली घरात होती. संध्याकाळी बायका एकेक करून उठायला लागल्या. मयताच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, तसं म्हटलं तर पुन्हा अशाच कारणानं यावं लागेल. त्यामुळं जी ती उठत होती आणि मान खाली घालून न बोलता निघून जात होती. सगळ्यात शेवटी हौसाक्का उठली. ती तशीच चालायला लागली तेव्हा भिंतीला टेकून बसलेली दादी दिवसभरात पहिल्यांदा बोलली. “आज तुमी समद्या माझ्यागत गेलासा, आक्का.” हौसाक्का परत फिरली, तिच्याजवळ बसली आणि त्यानंतर तास-दीड तास उठली नाही.

तर अशी दादी. आणि मग महापूर आला.

पुराची आम्हा पेठेतल्या लोकांना सवय असते. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की आम्ही गाद्या वर नेतो, आणि घाटावर जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून येणं हा पावसाळ्यातला नेहमीचा उद्योगच असतो. मागच्या मोठ्या पुरात आमच्या खालच्या खोलीत जिथवर पाणी चढलं होतं तिथं बाबांनी ऑइलपेंटनं एक तांबडी रेघ ओढून ठेवली होती. पेठेतल्या घराघरांत अशा रेघा होत्या. या वेळी पाणी वाढायला लागल्यावर बाबांनी दुकानातल्या अस्तराचे तागे, फॉलची खोकी, फ्रिज, धान्याचे डबे, सगळं त्या रेघेच्या वर चार बोटं येईल असं टेबलांवर, फळ्यांवर रचलं आणि निर्धास्त झाले. शेजारीपाजारी सगळ्यांनी हेच केलं. त्या रेघेवर आमचा जेवढा विश्वास होता तेवढा हवामान खात्यावरही नव्हता. नदीनं मात्र आमची रेघ बघितली नव्हती.

आई आदल्या दिवशीच माझ्या घरी राजारामपुरीत आली होती. तो भाग उंचावर आहे. बाबा आणि दादी मागं राहिले. सकाळी मी दोघांना आणायला गेले तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होतं. दादीला जिना उतरवायला मी वर गेले आणि आमची वादावादी सुरू झाली ती संपेपर्यंत गुडघ्याचं पाणी कमरेला आलं. दुपारी बाबांनी जिन्यातून खाली पाहिलं. तांबडी रेघ दिसत नव्हती. टेबलावरचे तागे फुगून वर आले होते आणि खोलीभर तरंगत होते. बाबा तिथंच पायरीवर बसले.

दादी वरच्या खोलीत खाटेवर बसून होती. दर महिन्याला चंद्रदर्शन झालं की ती घाटावर जाऊन नदीला मूठभर तांदूळ आणि साखर वाहायची. लहानपणी सिंधूला वाहायची तसंच. त्या दिवशी ती जिन्याच्या चार पायऱ्या उतरली, घरात आलेल्या पाण्यात तांदूळ-साखर सोडली, हात जोडले आणि परत खाटेवर येऊन बसली. नदीच घरी आली तर आपण कुठं जायचं, असं म्हणाली. मला एरवी हसू आलं असतं.

बाबा वर आले. ते तिला अमां म्हणत, सिंधीत आईला म्हणतात तसं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “अमां, ऐक. चार दिवसांचा सवाल आहे. दार ओढून घेऊ, कुलूप घालू, चार दिवसांत माघारी येऊ.” आणि तिचा धीर वाढावा म्हणून त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

बाबांना काय ठाऊक. तिनं ती किल्ली अशी टाकली की जणू हात भाजला. तिच्या तोंडावरचा रंग गेला. ती बाबांना म्हणाली, की तू जिन्यात जाऊन बस, मला हिच्याशी बोलायचं आहे. ते गेल्यावर तिनं जे सांगितलं ते तिनं आजोबांनाही सांगितलं नव्हतं, निदान मला तसं म्हणाली.

गाव सोडलं त्या सकाळी तिची आई आणि वडील सामान घेऊन पुढं झाले होते. कुलूप लावून किल्ली शेजारी देऊन यायचं काम दादीवर होतं, कारण शेजारच्या घरात तीच सगळ्यात जास्त असायची. शेजारच्या बाईचं नाव सकीना. तिला मूल नव्हतं आणि दादीच्या वेण्या तीच घालायची. दादीनं किल्ली तिच्या हातात दिली आणि वडिलांनी शिकवलं होतं तसं म्हणाली, चार दिवसांत येतो. सकीना रडायला लागली. म्हणाली, तू येईपर्यंत मी रोज संध्याकाळी तुमच्या दारात दिवा लावीन, घर अंधारात राहणार नाही.

“घर गेल्याचं मला काय न्हाय,” दादी मला म्हणाली. “घरं कुणाची जात न्हाईत? पर ती बाई दिवा लावत बसली असंल गं. किती दिस लावला असंल? माझ्या येतो म्हणण्यावर लावला तिनं.”

तिचं आयुष्यभराचं ‘जातो’ मी तोवर उगीचच तिचं दुःख समजत होते. ती लाज होती. अकरा वर्षांच्या मुलीनं एका बाईला खोटं सांगितलं, तेही खोटं आहे हे माहीत नसताना, आणि त्याची लाज तिनं बहात्तर वर्षं बाळगली होती. मी तिचा हात धरून बसले. खाली पाणी चढतच होतं.

त्याच वेळी गल्लीतून हाका ऐकू आल्या. तालमीच्या लोकांनी कुठल्याशा गुऱ्हाळावरून गुळाची काहील टेम्पोत घालून आणली होती. उसाचा रस आटवायची ही लोखंडी कढई सहा-सात फूट रुंद असते आणि पाण्यावर होडीसारखी चालते. पुढं दोर धरून वस्ताद पोहत होते. साठीचा माणूस, ओठ निळे पडलेले. आमच्या जिन्याच्या कठड्याला दोर बांधून ते पाण्यातूनच वर आले आणि दारात उभे राहिले. बाबांनी त्यांना जिन्यातच बजावलं होतं, की तिला सांगा, चार दिवसांचं आहे म्हणून. वस्तादांना खोटा धीर देता येत नव्हता, म्हणा किंवा ते फार दमले होते.

“आजी, खरं सांगू का? तुमी माघारी याल का न्हाय, मला ठावं न्हाय,” ते म्हणाले. “घर उभं ऱ्हातंय का न्हाय, ते बी ठावं न्हाय. पलीकडं दोन घरं बसली सकाळपास्नं. पाणी चढतंय. आत्ता चलायचं.”

बाबा जिन्यात कळवळले. मला वाटलं, आता संपलं, आता ही हलणार नाही. पण दादी वस्तादांकडं बघत राहिली, आणि तिचे ताठलेले खांदे खाली आले. “ह्यो खरं बोलतोय,” ती म्हणाली आणि पदर खोचून उठली. जिन्याच्या खालच्या कोरड्या पायरीवर थांबून तिनं भिंतीवर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “जातो.” मग ऐंशी पार केलेली माझी दादी वस्तादांच्या खांद्याला धरून गुळाच्या काहिलीत बसली आणि आमच्या गल्लीतून, दुकानांच्या पाट्यांच्या बरोबरीनं, नीट मांडी घालून गेली. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

राजारामपुरीत माझ्या घरी आल्यावर तिनं पहिल्याच दिवशी हातोडी मागितली. माझ्या नव्याकोऱ्या भिंतीवर एक खिळा ठोकून तिनं आपली पिशवी अडकवली. मला आधी बरं वाटलं, रमली म्हणून. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं आणि भीती वाटली. तिनं पेठेतलं घर मनातून संपवलं होतं. बाबा रोज फोनवर पाण्याची चौकशी करायचे, आज एवढे फूट उतरलं, उद्या गल्ली मोकळी होईल. ते बोलायला लागले की दादी उठून दुसऱ्या खोलीत जायची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बायकांची नावं ती विचारून घेऊ लागली. जेवण निम्म्यावर आलं. पेठेतलं एक अक्षर तिनं काढलं नाही.

नवव्या दिवशी बाबा घर बघून आले आणि आनंदानं सांगायला लागले, की घर उभं आहे, अमां, भिंती मजबूत आहेत. तिनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं लहान मुलांची खोटी समजूत काढणाऱ्या मोठ्या माणसाकडं बघतात. आम्ही तिला चल म्हटलं तर ती म्हणाली, की एकदा सोडलेल्या ठिकाणी ती परत जात नसते. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, “दादी, मी अजून बघितलेलं नाही. आत काय राहिलंय मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. चल, दोघी बघू.”  मग तिनं चपला मागितल्या.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली, त्याच घरात, वरच्या खोलीत, आणि एका दुपारी झोपेत गेली. पण तिची आठवण काढायची म्हटलं की मला तो दिवस आठवत नाही. मला आठवतो हा परत जाण्याचा दिवस.

गल्लीत घोट्याएवढा चिखल होता आणि वास असा, की तोंडाला फडकं बांधूनही मळमळत होतं. दारादारांत गाद्या, कुजलेलं धान्य, आडवे पडलेले फ्रिज. कोपऱ्यावरची मातीची दोन घरं खरोखर नव्हती. सगळी गल्ली रडत होती. आमचं दार फुगून अडकलं होतं. बाबांनी आणि वस्तादांनी खांदा लावून ते ढकललं. मी दादीला धरायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि एकटी आत गेली.

भिंतीवर हात फिरवत ती पुढं सरकत होती. खोलीत वापरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तागे काळे पडून एकमेकांना चिकटले होते, कपाट उपडं होतं. बाबा ते बघून तोंड फिरवून उभे राहिले. दादी स्वयंपाकघरात गेली, ओट्यावर तळहात टेकला. मागची खोली बघून आली. जिन्याचा कठडा हलवून बघितला. आणि मग ती हसायला लागली. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. बोळकं उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी काढत, चिखलात उभी राहून ती हसत होती. बाबांना वाटलं, तिच्या डोक्यावर परिणाम झाला.

हौसाक्काची सून मंगलवहिनी समोरच्या पायरीवर बसून रडत होती. तिच्या मांडीवर मुलीची भिजलेली सर्टिफिकिटं होती. दादी चिखल तुडवत तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“आजी, समदं गेलं की वो,” मंगलवहिनी म्हणाली.

“व्हय गं. समदं गेलं,” दादी म्हणाली. “पर माघारी आलीस न्हवं?”

मंगलवहिनीला ते कळलं नाही. ती रडतच राहिली, आणि तिचंही बरोबरच होतं. दादी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिला स्वतःचा आनंद लपवता येत नव्हता आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत असावी. म्हणून ती पुन्हा आत आली. मी खराटा घेऊन चिखल ओढायला सुरुवात केली होती. दादीची माझ्याकडं पाठ होती. तिनं ओल्या भिंतीला कपाळ टेकलं आणि कोणाला तरी सांगावं तशी हळू आवाजात, सिंधीत म्हणाली,

“अमां, घरु आहे.”